रासीन गावचे क्रिंगल

२०२४ सालच्या जून महिन्यात आम्ही उभयता धाकट्या भावाकडे अमेरिकेस महिनाभर राहून आलो. भाऊ विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी शहरात नोकरीस आहे. तिकिटे त्यानेच काढली, नाही तर आमच्यासारख्या कारकुनाला हे कुठून जमायचे? परत आल्यापासून वस्तीतील मंडळी, ऑफिसातील मंडळी एकच विचारतात, नायगारा पाहिला का? नाही पाहिला. तो तेथून फार लांब. मग काय पाहिले? या प्रश्नावर आम्ही रासीन असे उत्तर देतो आणि समोरचा माणूस गप्प होतो. म्हणून वाचकहो, त्या रासीनविषयी जरा सविस्तर लिहितो.

शनिवारचा दिवस होता. भाऊ सकाळीच म्हणाला, "दादा, वहिनी, चला आज क्रिंगल खायला जाऊ." आम्हांला वाटले हॉटेलचे नाव असेल. गाडीत बसल्यावर कळले की क्रिंगल हा खाण्याचा पदार्थ आहे, आणि तो खायला लोक शे-दीडशे किलोमीटरवरून येतात. रासीन हे गाव मिलवॉकीच्या दक्षिणेला, गाडीने पाऊण तासाच्या अंतरावर, मिशिगन सरोवराच्या काठी. सरोवर कसले, समुद्रच तो! पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा येतात, वाळू आहे, १८८० साली बांधलेले दीपगृहही आहे. फक्त पाणी तोंडात घेतले तर खारट लागत नाही. रूट नावाची नदी येथे सरोवराला मिळते. रूट म्हणजे मूळ, आणि रासीन या फ्रेंच शब्दाचा अर्थही मूळच. म्हणजे नदीचे आणि गावाचे नाव एकच, भाषा तेवढ्या दोन.

गाव पाहताना आम्हांला दोन ओळखीच्या खुणा सापडल्या, त्या आधी सांगून टाकतो. पहिली हॉर्लिक्स. आमच्या लहानपणी घरात कोणी तापाने आजारी पडले की उसनेपासने करून हॉर्लिक्सची बाटली यायची. आजारी माणसाला दोन चमचे, आणि आम्हा बाकीच्या पोरांना झाकणाला चिकटलेली पूड. बाटली संपली की आई तिच्यात हरभऱ्याची डाळ भरून ठेवी. ते हॉर्लिक्स इंग्लंडहून आलेल्या जेम्स आणि विल्यम या हॉर्लिक बंधूंचे. त्यांनी १८७३ साली शिकागोत धंदा सुरू केला, पुढे तो याच रासीन गावात आणला, आणि १८८३ साली विल्यम हॉर्लिकने माल्ट आणि दुधाच्या पुडीचे पेटंट घेतले. जी बाटली आम्ही विलायती म्हणून फळीवर जपून ठेवत होतो, तिचे मूळ गाव हे.

दुसरी खूण केस कंपनीची. जेरोम केस नावाच्या गृहस्थाने एकोणिसाव्या शतकात येथे मळणीयंत्रांचा कारखाना काढला. त्याच घराण्यातली लाल रंगाची ऊस कापणारी यंत्रे आज पुण्याजवळच्या चाकणला तयार होतात आणि पश्चिम महाराष्ट्राच्या फडात फिरतात. बीडकडच्या ऊसतोड कामगाराला कोयता ठेवून जे यंत्र पाहत उभे राहावे लागते, त्याचा पत्ता शोधत गेले तर एक टोक या शांत गावात निघते. असो. आपला विषय क्रिंगल आहे.

या केसच्या कारखान्यात आणि येथल्या गाड्या बनवणाऱ्या कारखान्यांत काम करायला जी माणसे आली, त्यांत डेन्मार्कचे लोक फार मोठ्या संख्येने होते. डेन्मार्क हा युरोपातला लहानसा देश. १८६४ साली त्याचे प्रशियाशी युद्ध झाले, त्यात तो हरला आणि दक्षिणेकडचा श्लेस्विग प्रांत हातचा गेला. तेथल्या डॅनिश तरुणांवर प्रशियाच्या सैन्यात भरती होण्याची पाळी आली. ज्यांना ते नको होते, ते बोटीत बसले. बाकीचे बहुतेक भूमिहीन शेतमजूर, लहान शेतकरी, हातकारागीर होते. पहिल्या महायुद्धापर्यंतच्या साठ-सत्तर वर्षांत तीन लाखांच्या घरात डॅनिश माणसे अमेरिकेत उतरली. त्यांतली काही रासीनला आली, मग त्यांचे चुलतभाऊ आले, मग गाववाले आले. आमच्याकडे एका गावची माणसे एकाच गिरणीत कशी लागली हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. एक काळ असा होता की रासीनला अमेरिकेतले सर्वात डॅनिश शहर म्हणत. दानिया नावाची त्यांची संस्था होती. नव्याने आलेल्याने चार ओळखीची तोंडे पाहावीत, आपल्या भाषेत बोलावे, अशी ती जागा. आणि जेथे इतकी डॅनिश माणसे, तेथे डॅनिश बेकरी आलीच.

आता या बेकरीच्या मालाची गोष्ट ऐका, कारण ती कामगारांची गोष्ट आहे. साल १८५०, डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन. बेकरीतल्या कारागिरांनी संप पुकारला. त्या काळी कारागीर मालकाच्याच घरात राहायचा, त्याच्याच घरी जेवायचा, आणि त्या राहण्या-जेवण्यातच मजुरी वळती व्हायची. आम्हांला रोख पैसे द्या अशी कारागिरांची मागणी होती, असे सांगतात. मालक नमले नाहीत. त्यांनी परदेशातून कारागीर आणले आणि भट्ट्या चालू ठेवल्या. त्यांत ऑस्ट्रियाचे लोक होते. त्यांना डॅनिश पद्धत कुठे ठाऊक? त्यांनी आपल्या गावची पद्धत लावली. पिठात लोणी घालून घडीवर घडी घालायची आणि पापुद्रे काढायचे. गिऱ्हाइकांना ते आवडले. संप मिटल्यावर डॅनिश कारागीर भट्टीवर परतले, तेव्हा त्यांनाही तेच करावे लागले. त्यांनी त्यात अंडी आणि लोणी वाढवले आणि माल आपला करून टाकला.

म्हणून डेन्मार्कमध्ये आजही या पदार्थाला व्हिएन्नाचा पाव म्हणतात. गंमत अशी की खुद्द व्हिएन्नाकडे त्याला कोपनहेगनचा म्हणतात, आणि अमेरिकेत त्याला नुसते डॅनिश म्हणतात. ज्याने त्याने दुसऱ्याकडे बोट दाखवले आहे. संपफोड्यांच्या हाताला चव होती हे कबूल करायला आम्हांला, एका जुन्या युनियनवाल्याला, जरा जड जाते. पण खाल्ल्यावर कबूल करावे लागले.

क्रिंगल हा या कुळातला एक पदार्थ. शब्द जुना आहे, त्याचा अर्थ कडे, वर्तुळ. डेन्मार्कमध्ये क्रिंगलचा मूळ आकार गाठीसारखा. दोरीची दोन टोके एकमेकांवरून नेऊन वर चिकटवावीत तसा. तेथल्या बेकरीच्या दारावर आजही सोनेरी क्रिंगलची पाटी टांगलेली असते, वर मुकुट. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळावे की येथे पाव मिळतो. रासीनला आलेल्या बेकरीवाल्यांनी आधी हाच गाठीचा आकार केला. पण गाठीत एक अडचण असते. जेथे पीठ पिठावर चढते तेथे थर जाड होतो आणि सारण कमी येते. ज्याच्या वाट्याला तो तुकडा आला त्याने नुसता पावच खायचा! मग येथल्या कारागिरांनी गाठ सोडली आणि सरळ लांबट कडे केले. आता कुठूनही कापा, प्रत्येकाला सारण सारखे. हा बदल ज्याच्या डोक्यातून आला त्याच्या घरात बरीच पोरे असावीत असे आमच्या पत्नीचे मत पडले.

आम्ही गेलो ती बेकरी गावाच्या पश्चिम भागात होती. या भागाला लोक प्रेमाने क्रिंगलव्हिल म्हणत आले आहेत. वॉशिंग्टन ॲव्हेन्यू या रस्त्यावर आणि आसपास जुन्या बेकऱ्या आहेत. बेंडसन यांची बेकरी १९३४ सालची. ओ अँड एच ही १९४९ सालची, ओलेसन आणि होल्ट्झ या दोघा भागीदारांच्या नावांवरून हे नाव. लार्सन यांची १९६९ सालची. तिन्ही घरगुती धंदे म्हणून सुरू झालेले. कोणाचे क्रिंगल चांगले यावर गावात तट आहेत. भावाचा एक सहकारी रासीनचा, तो म्हणे सासऱ्यांशी फक्त याच एका विषयावर भांडतो. भाऊ आम्हांला कोणत्या तटाच्या दुकानात घेऊन गेला हे आम्ही लिहीत नाही. विनाकारण वैर कशाला!

आत पाऊल ठेवले आणि लोणी-साखरेचा वास अंगावर आला. काचेमागे कडी मांडलेली. एकेक कडे मोठ्या ताटाएवढे, लांबट, चपटे, वर साखरेचा पांढरा लेप. बदामाचे, रासबेरीचे, चेरीचे, सफरचंदाचे, चीजचे आणि पिकानचे. पिकान म्हणजे अक्रोडाच्या कुळातले, पण लांबट आणि चवीला गोडसर असे फळ, ते मूळचे उत्तर अमेरिकेतले. डेन्मार्कमधल्या आजीने पिकान कधी डोळ्यांनी पाहिले नसेल, पण रासीनला आज सर्वात जास्त पसंती त्याच क्रिंगलला आहे. बदामाचे सारण देशाकडून आले, पिकानचे या मातीतले. विस्कॉन्सिनमध्ये क्रॅनबेरी हे आंबट लाल फळ अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त पिकते, तेही कड्यात जाऊन बसले आहे.

वाचक भगिनींना प्रश्न पडला असेल की हे करतात कसे. आपल्याकडच्या दोन पदार्थांची आठवण ठेवा म्हणजे कळेल. एक पाव, दुसरे चिरोटे. पावासारखे हे पीठ यीस्टने फुगवायचे असते. त्यात दूध, अंडी, साखर असते. आणि चिरोट्याला आपण पोळीवर पोळी ठेवून मध्ये साटा लावतो, तसा येथे पिठाच्या पोटात लोण्याचा थर ठेवतात. मग लाटायचे, घडी घालायची, गार जागी विसावा द्यायचा. पुन्हा लाटायचे, पुन्हा घडी, पुन्हा विसावा. लोणी वितळून पिठात मुरले तर सारा खेळ खलास, म्हणून गारवा हवा आणि घाई नको. असे करता करता ३६ पापुद्रे होतात, आणि सारे काम तीन दिवस चालते. तीनाला तीनाने गुणले नऊ, नवाला चाराने गुणले छत्तीस. घड्या अशाच घालत असावेत, हा आमचा बी.कॉम.चा हिशोब आहे, बेकरीवाल्यांचा नव्हे. शेवटी पिठाची लांब पट्टी लाटतात, मधोमध सारण पसरतात, दोन्ही कडा त्यावर दुमडतात, टोकाला टोक जोडून कडे करतात, हाताने चपटे करतात. फुगू देतात, भाजतात, निवल्यावर साखरेचा लेप देतात. भट्टीत लोण्यातल्या पाण्याची वाफ होते, ती पापुद्रे उचलून धरते. आपल्या खारीचे पापुद्रेही असेच सुटतात. फरक इतका की खारी कडक आणि क्रिंगल मऊ.

आम्ही पिकानचे एक आणि बदामाचे एक घेतले. एकाची किंमत पंधरा डॉलरच्या आसपास. पत्नीने तेथेच उभ्या उभ्या रुपये केले आणि म्हणाली, "बापरे, बाराशे रुपये! इतक्यात तुमच्या अख्ख्या ऑफिसला समोसे झाले असते." भाऊ हसला, "वहिनी, इथं रुपये करत बसलं तर उपाशी राहावं लागतं."

काउंटरवर साठीच्या घरातल्या एक बाई होत्या. गर्दी जरा ओसरल्यावर भावाने आमची ओळख करून दिली, भारतातून आले आहेत म्हणून. बाईंना आनंद झाला. त्यांचे पणजोबा डेन्मार्कहून आलेले. आम्ही विचारले, तुम्हांला डॅनिश येते का? बाई म्हणाल्या, आजी बोलायची, वडिलांना समजायचे, मला फक्त एक वाक्य येते. आणि त्यांनी ते म्हणून दाखवले. आमच्या कानाला रॉद्ग्रॉद मेद फ्लॉद असे काहीसे ऐकू आले. लाल फळांची खीर, वर साय, असा त्याचा अर्थ. परक्या माणसाला हे नीट म्हणता येत नाही, म्हणून डॅनिश लोक पाहुण्याला मुद्दाम म्हणायला लावतात. बाईंची आजी नातवंडांना रांगेत उभे करून हे म्हणून घ्यायची. जो चुकेल त्याला क्रिंगलचा तुकडा शेवटी मिळायचा. बाई हसत हसत सांगत होत्या. आमच्या पत्नीने मात्र हळूच पुतणीकडे पाहिले.

पुतणी आठ वर्षांची आहे. तिला मराठी समजते. पण तिच्याशी मराठीत बोलले की उत्तर इंग्रजीत येते. आम्ही तिला रागावत नाही. शाळा इंग्रजी, मैत्रिणी इंग्रजी, आईबाप दिवसभर कामावर. पण नागपूरला फोनवर आजी बोलते आणि नात "हो आजी, हो आजी" एवढेच म्हणते, हे पाहताना आमच्या जिवाला काही तरी होते. पणजोबांची भाषा आजीपर्यंत, आजीची वडिलांच्या कानापर्यंत, आणि नातीकडे एक वाक्य व एक पक्वान्न. त्या काउंटरसमोर उभे राहून आम्ही मनातल्या मनात आमच्या घराचा असाच हिशोब मांडून पाहिला. भावाच्याही ते मनात आले असावे. तो बराच वेळ काचेतल्या क्रिंगलकडे पाहत राहिला.

काउंटरमागचे दार उघडे होते. आत पीठ लाटण्याचे लांब टेबल दिसत होते. त्यावर तीन-चार जण भराभर पट्ट्या दुमडत होते आणि आपसात बोलत होते. भाऊ म्हणाला, ही स्पॅनिश आहे. रासीनमध्ये आज मेक्सिकोकडून आलेल्या घराण्यांची संख्या बरीच आहे, कृष्णवर्णीय समाजही मोठा आहे. कोपनहेगनला व्हिएन्नाचे हात होते, रासीनला डेन्मार्कचे आले, आता मेक्सिकोचे आले आहेत. पापुद्रे सुटायला हात कुठला आहे हे पिठाला कळत नाही, त्याला गार आणि सराईत हात लागतो. ती माणसे पहाटेच्याही आधी कामाला लागत असणार. सकाळी ज्याच्या घरी ताजा पाव येतो, त्याच्यासाठी कोणाची तरी रात्र गेलेली असते.

क्रिंगलला आज मोठा मान आहे. ३० जून २०१० रोजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा रासीनला आले होते, तेव्हा तेही ओ अँड एच बेकरीत जाऊन आले. २०१३ साली विस्कॉन्सिन राज्याने क्रिंगलला आपले अधिकृत पक्वान्न ठरवले, आणि हे कलम चक्क राज्याच्या अर्थसंकल्पाच्या कायद्यात घातले. हिशोबाच्या कागदांत आयुष्य गेलेल्या माणसाला हे वाचून हसू येते. जमा, खर्च, आणि मध्येच गोड कडे! ट्रेडर जोज नावाच्या दुकानांच्या साखळीतून रासीनचे क्रिंगल आता अमेरिकाभर मिळते. टपालाने तर ते कधीपासून जाते. गाव सोडून गेलेली मुले आईबापांना सांगत, क्रिंगल पाठवा. नाताळच्या आधी बेकऱ्यांत दिवसरात्र खोकी बांधतात.

परंतु ज्या कारखान्यांमुळे ही माणसे येथे आली, तेथे पूर्वीचे दिवस राहिलेले नाहीत. हॉर्लिक्सचे रासीनमधले उत्पादन कधीच बंद झाले. केसच्या वारसदार कंपनीच्या रासीनलगतच्या ट्रॅक्टर कारखान्यात आणि आयोवा राज्यातल्या कारखान्यात मिळून हजारावर कामगार २ मे २०२२ रोजी संपावर गेले. पगारवाढ आणि कामाच्या अटी यांचा प्रश्न होता. कंपनीने बदली कामगार आणून काम चालू ठेवले. आठ महिन्यांवर संप चालला, जानेवारी २०२३ मध्ये करार होऊन मिटला. भाऊ हे गाडी चालवता चालवता सांगत होता. कोपनहेगनचा १८५० सालचा संप त्याला ठाऊक नव्हता. तो आम्ही त्याला सांगितला. त्यावर तो एवढेच म्हणाला, "म्हणजे दादा, पीठ तेच."

जेवायच्या वेळी आम्ही सरोवराच्या काठी, वाळूच्या कडेला बाकावर बसलो. घरून पोळ्या आणि वांग्याची भाजी आणली होती, ती संपवली आणि मग पिकानचे खोके उघडले. वारा इतका की साखरेचे कण उडत होते. पहिला घास घेतल्यावर कळले की वरचा थर जिभेवर विरतो, मधला जरा ओढ घेतो आणि सारण दातांत कुरकुरते. गोड आहे, आमच्या तोंडाला जरा जास्तच. चहा हवा होता. दोन तुकड्यांनंतर आम्ही थांबलो. मधुमेहाची धास्ती चाळिशीनंतर कोणाला नसते? पत्नीने बदामाचे उघडून पाहिले आणि निकाल दिला की हेच खरे, बाकी सगळी सजावट. आम्ही पिकानच्या बाजूने मत दिले. अशा रीतीने आमच्या घरातही तट पडले.

परतीच्या वाटेवर पुतणी मागच्या सीटवर आम्हा दोघांच्या मध्ये बसली होती, खोके मांडीवर. बराच वेळ गप्प होती. मग एकदम मराठीत म्हणाली, "मोठी आई, याला मराठीत काय म्हणायचं?"

पत्नीने आमच्याकडे पाहिले. आम्ही शब्दकोशातल्यासारखे काही तरी सांगायला तोंड उघडणार, तोच ती म्हणाली, "हे ना? हे गोड कडबोळं."

"कडबोलं," पुतणी म्हणाली.

"लं नाही बेटा. ळ. जीभ वर, मागं न्यायची. कडबोळं."

"कडबोलं."

"परत."

मिलवॉकी येईपर्यंत दोघींचे हेच चालले होते. गाडीतून उतरताना तिला एकदा ळ जमला, मग पुन्हा गेला. रात्री पत्नीने भाजणी आहे का म्हणून भावजयीचे डबे धुंडाळले. भाजणी नव्हती. रविवारी देशी दुकानातून तांदळाचे पीठ, हरभऱ्याची डाळ आणि धने आणायचे ठरले, आणि यादी पुतणीने लिहिली, देवनागरीत, चार चुकांसह.